एका हाकेला दोन ओ

बालाघाटाच्या डोंगराला टेकून माळगव्हाण नावाचं एक लहानसं गाव आहे. गावात केशवराजाचं देऊळ, देवळामागं चिंचेचं बन, आणि त्या बनातल्या पडक्या ओवरीत रेवागिरी महाराजांचा मुक्काम असे. महाराज कुठून आले, कुणाचे शिष्य, हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि त्यांनी कधी सांगितलंही नाही. दुपारी कुणाच्या तरी घरची भाकरी खायची, आल्यागेल्याची विचारपूस करायची, आणि मागेल त्याला केशवराजाचं नाव द्यायचं, एवढाच त्यांचा संसार. अशा या महाराजांच्या वेळची एक गोष्ट आज ऐकावी. ऐकताना मध्येच हसू आलं तर खुशाल हसावं. महाराजांना हसणारी माणसं फार आवडत.

गावाजवळच्या वाडीत धोंडबा गुरव राहत होते. त्यांची मुलगी अनसूया; सगळे तिला अनशी म्हणत. लहानपणी ही पोर भारी भित्री. अंधाराची भीती, कुत्र्याची भीती, वाऱ्यानं दार वाजलं तरी भीती. एकदा धोंडबांनी तिला महाराजांच्या पायांवर घातलं. महाराजांनी तिला जवळ बसवून घेतलं आणि म्हणाले, "भीती वाटली की 'केशवा' म्हणायचं. तो काही लांब राहत नाही."

पोरीनं ते मनावर घेतलं. भीती गेली, पण नाव काही गेलं नाही. जात्यावर केशवा, पाण्याला जाताना केशवा, अंगण सारवताना केशवा. बोलावं लागायचं नाही, आपोआप यायचं. अनशी मोठी झाली, चांगली उंचीपुरी झाली, आणि धोंडबांनी तिची सोयरीक ठरवली.

आता बघा देवाची गंमत. मुलगा मिळाला तो माळगव्हाणचाच, देवळाच्या गुरवाच्या घरचा. स्वभावानं गरीब, कामाला वाघ, दिसायला सावळा. आणि नाव काय, तर केशव!

सुपारी फुटली त्याच संध्याकाळी आईनं अनशीला कोपऱ्यात घेतलं. "आता हे नाव तोंडात आणायचं नाही हं. नवऱ्याचं नाव घेतात का कुणी?"

"मग देवाला काय म्हणू?"

आई बिचारी विचारात पडली. "आमचे हे म्हण," ती म्हणाली.

अनशीनं दुसऱ्या दिवशी जात्यावर बसून तसं म्हणून पाहिलं. "आमचे हे, आमचे हे," असं दोनदा म्हटलं आणि कानापर्यंत लाल झाली. डोळ्यांपुढं देवाची मूर्ती यायची ती सोडून भलताच सावळा चेहरा आला. तिनं पदर तोंडावर घेतला आणि दळण तसंच टाकून उठली. सवय मात्र वर्षानुवर्षांची. ओठ बंद ठेवले तरी कधी ना कधी ते नाव निसटायचंच.

ते निसटलं नेमकं राहीआत्यासमोर. राहीआत्या म्हणजे केशवची आत्या. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिचा नवरा वारला, तेव्हापासून ती भावाच्या घरी होती. भावजयीनं केशवला जन्म देऊन डोळे मिटले. पुढं भाऊही गेला. त्या लेकराला आत्यानं पोटच्यासारखं वाढवलं. बाई करारी. देवाची पूजा आपल्या घरात आहे याचा तिला मोठा ताठा. देव आमच्या ओसरीला असताना त्या चिंचेखालच्या गोसाव्याच्या पाया पडायला मी काय वेडी आहे, असं ती चारचौघांत म्हणायची.

अनशी देवळात हात जोडून उभी होती. दिव्याच्या उजेडात मूर्ती इतकी देखणी दिसत होती की तिच्या तोंडून गेलं, "केशवा." मागं राहीआत्या तेलाची बुधली घेऊन उभी. तिनं बुधली खाली ठेवली.

नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, असं त्या भागात मानत. उखाण्यात घेतात ते मानाचं नाव, त्याला दोष नाही. पण ही पोर उठताबसता घेते, आणि तीही लहानपणापासून, हे तिच्याच तोंडून कळल्यावर राहीआत्या घाबरली. तिनं अनशीचं मनगट धरलं आणि तिला ओढत थेट ओवरीपुढं आणलं.

"ही तुमची शिकवण का?" ती कडाडली. "पोरीबाळींना नवऱ्याची नावं घ्यायला शिकवता? देवाला हजार नावं आहेत. हिला दुसरं द्या."

महाराज म्हणाले, "आत्याबाई, नाव घेऊन आयुष्य घटत असतं, तर तुमचा केशवराज केव्हाच म्हातारा होऊन गेला असता. सगळा मुलूख त्याचंच नाव घेतो."

जमलेली माणसं हसली. राहीआत्याला ते हसणं झोंबलं. "हसा," ती म्हणाली. "तुम्हाला ना पोर ना बाळ, तुमचं काय जातंय? मी सांगते ते ऐका. पुन्हा एकदा जरी हिच्या तोंडून ते नाव आलं, तरी ही सोयरीक मोडली समजा. मी राही गुरवीण आहे, बोलले म्हणजे बोलले."

अनशीनं घाबरून महाराजांकडं पाहिलं. महाराजांचं हसू मावळलं होतं. ते हळू आवाजात म्हणाले, "पोरी, आत्याबाईंचं मन दुखवून नाव घेऊ नकोस. गप्प राहा. गप्प राहिलेल्याचंही त्याला ऐकू येतं."

अनशी गप्प राहिली. पण बाई गं, काय ते गप्प राहणं! जात्यावर बसली की ओठ हलायचे आणि मध्येच मिटायचे. भरल्या घरात तिला एकटं वाटू लागलं. जेवण कमी झालं. आई विचारायची, काय होतंय? तर म्हणायची, काही नाही.

ही गोष्ट केशवच्या कानावर गेली. लग्न ठरलेल्या मुलामुलीनं एकमेकांशी बोलायची तेव्हा रीत नव्हती, पण देवळाच्या विहिरीवर घागर भरायला कुणी आलं आणि बेल धुवायला कुणी आलं, तर त्याला कोण काय करणार?

केशव परडीतला बेल उगाच पुन्हा पुन्हा धूत म्हणाला, "तुझं देवाचं नाव घ्यायचं राहिलंय म्हणे."

अनशीनं मान हलवली.

"मी घेतो. तुझ्या वाटणीचं मी घेतो. आत्यानं तुला बंदी घातलीय, मला नाही."

"स्वतःचंच नाव?" अनशीच्या तोंडून निघून गेलं.

"त्याला काय झालं? देवाचं म्हणून घेईन. तू फक्त जेवत जा."

एवढंच बोलणं झालं. घागर केव्हाच भरून वाहत होती आणि परडीतला निम्मा बेल पाण्यात गेला होता. अनशी घरी गेली आणि त्या दिवशी पोटभर जेवली.

केशवनं शब्द पाळला. गुरवाचं काम म्हणजे पत्रावळ्यांसाठी पळसाची पानं आणायला डोंगरात जायचं. तो पानं तोडता तोडता मोठ्यानं "केशवा, केशवा" म्हणू लागला. गुराखी पोटं धरून हसायचे. "अरे केशवा, सापडला का रे केशव?" असं विचारायचे. गावात थट्टा झाली, लग्नाआधीच नवरदेवाचं डोकं फिरलं. राहीआत्यानं तर कपाळाला हात लावला. "त्या गोसाव्यानं माझं पोरगं खुळं केलं," ती दारोदार सांगत सुटली. केशवनं तिला कारण सांगितलं नाही. अनशीवर राग निघाला असता म्हणून. केवढी ही माया! आणि ती देवाच्या नावाआड किती साधेपणानं ठेवलेली!

वैशाख लागला. लग्नाचा दिवस जवळ आला. आपल्याच लग्नाच्या पत्रावळ्यांसाठी केशव सकाळीच डोंगरात गेला होता. दुपारच्या सुमारास डोंगराच्या कुशीतून धूर दिसू लागला. कुसळी गवत वाळून कडकडीत झालेलं, वारा सुटलेला. बघता बघता वणवा पसरला. गावातली माणसं ओल्या फांद्या घेऊन वस्तीच्या बाजूनं आग अडवायला धावली.

धोंडबांचं शेत डोंगराच्या पायथ्याशीच होतं. अनशी शेतातून धुराच्या दिशेनं धावत सुटली. बांध ओलांडून ती पोचली, तर तिथं राहीआत्या उभी. केशवसाठी आणलेली भाकरी पायाशी पडलेली. आत्या हाका मारून मारून थकली होती. घसा पार बसला होता. तोंड उघडायची, पण नुसता वारा बाहेर यायचा.

धूर इतका दाट होता की पाच पावलांवरचं झाड दिसेना. आत अडकलेल्या माणसाला कुठं आग आणि कुठं वाट, काय कळणार? बाहेरून कुणाचा आवाज आला, तरच त्या अंदाजानं तो येऊ शकेल. अनशीला ते एका क्षणात उमगलं. तिनं श्वास घेतला.

राहीआत्यानं झडप घालून तिच्या तोंडावर हात ठेवला. "नको," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "नाव घेऊ नकोस. माझं लेकरू आगीत आहे. आत्ता तरी घेऊ नकोस गं."

तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसती भीती होती. अनशीनं तो हात दोन्ही हातांनी धरून हळूच खाली घेतला.

"आत्याबाई, सोयरीक मोडा. मी काही म्हणणार नाही. पण त्यांना बाहेर येऊ द्या."

आणि तिनं हाक मारली. "केशवा!"

इतके दिवस ओठांआड दाबून ठेवलेलं ते सगळं त्या एका हाकेत आलं. तिनं देवाला बोलावलं की माणसाला, हे पुढं कुणी विचारलं तर तिला सांगता यायचं नाही. खरं तर तेव्हा तिच्या मनात दोघं वेगळे नव्हतेच.

डावीकडच्या घळीतून "ओ" आली. खोकल्यानं तुटलेली, क्षीण, पण केशवचीच.

आणि तिच्या मागोमाग दुसरी "ओ" आली. ही आगीच्या अगदी मधून. खणखणीत, घाई नसलेली. अंगणातून हाक मारली की माजघरातून कुणी देतं तशी. दोघी बायका जागच्या जागी थिजल्या.

थोड्या वेळानं धुरातून केशव बाहेर आला. भुवया होरपळलेल्या, धोतराचा काठ जळलेला, डोळ्यांतून पाण्याच्या धारा, आणि डोक्यावर पळसाच्या पानांचा भारा तसाच! राहीआत्यानं त्याला कवटाळलं. "मेल्या, भारा टाकायचा नाहीस का," एवढंच ती फुटक्या आवाजात बोलू शकली.

केशव मागं वळून पाहत होता. "ते कुठं गेले?"

"कोण रे?"

"मनगट धरून आणलं त्यांनी. धुरात तोंड दिसलं नाही. मी ओ दिली तर शेजारच्या आगीतून कुणी ओ दिली. म्हणाले, मला हाक आली म्हणून निघालो होतो, बोलावणं तुलाही दिसतंय. चल, दोघंही जाऊ. मला आगीच्या अलीकडनं चालवलं आणि स्वतः आगीच्या बाजूनं चालले."

राहीआत्यानं ती दुसरी ओ ऐकली होती. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. तिनं पदर खोचला आणि गावाच्या वाटेला लागली. केशव आणि अनशी तिच्या मागं धावले.

ओवरीत भुजंगा कोष्टी महाराजांच्या पायांना कोरफडीचा गर लावत होता. त्या दिवशी भाकरी त्याच्या घरची होती.

"काय झालं?" राहीआत्यानं विचारलं.

"मलाच कळेना, आत्या," भुजंगा म्हणाला. "महाराजांनी पहिला घास मोडला आणि एकदम 'ओ, आलो' म्हणाले. मी इकडंतिकडं बघितलं, हाक मारायला कुणीच नाही. मग डोळे मिटून बसले ते बसलेच. ओवरीतून हलले नाहीत, मी समोर होतो. डोळे उघडले ते पायांवर पाणी घाल म्हणाले, तर हे असं."

महाराजांचे दोन्ही तळवे फोडांनी भरले होते. त्यांनी घाईनं पाय आखडून घेतले. "काही नाही हो. वैशाखात जमीन तापते," ते म्हणाले.

राहीआत्या त्यांच्यासमोर बसली. "महाराज, मी तुम्हाला काय काय बोलले."

"लेकराच्या मायेनं बोललात. मायेचा राग कोण धरील?" महाराज अगदी घरच्या माणसानं विचारावं तसं म्हणाले, "आत्याबाई, तुमच्या मालकांचं नाव काय हो?"

ती गोंधळली. पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. "मी कधी घेतलं नाही, महाराज. लग्नात उखाणा घ्यायला सांगितला, तेव्हाही तोंड उघडलं नाही. भीती वाटली. एकदाही नाव घेतलं नाही त्यांचं."

आणि मग ती हळूच म्हणाली, "तरी गेले ते."

म्हणून झाल्यावर आपण काय बोललो, हे तिचं तिलाच ऐकू आलं. सगळं आयुष्य जी भीती तिनं सांभाळली, जी अनशीच्या तोंडावर हात होऊन बसली, तिनं कुणालाच राखलं नव्हतं. राहीआत्याचे डोळे भरून आले. अनशी पुढं झाली आणि तिच्याजवळ बसली.

"मग आता घ्या," महाराज म्हणाले. "राहिलंय ना तुमचंही?"

म्हातारीचे ओठ दोनदा हलले आणि मिटले. तिसऱ्यांदा आवाज फुटला.

"दामोदर," ती म्हणाली. मग जरा मोठ्यानं, "दामोदरा."

तिनं अनशीचा हात चाचपून धरला. "पोरी," ती म्हणाली, "आमच्या घरात आलीस की मोठ्यानं घेत जा. मला ऐकू येईल असं." आणि जिनं महाराजांना कधी साधा नमस्कार केला नव्हता, त्या राहीआत्यानं त्यांच्या पोळलेल्या पायांवर अलगद डोकं ठेवलं.