शारोनची मूठमाती

भाविकहो, मुळा नदीकाठच्या खडकेवाडीत ख्रिस्ती कीर्तनकार दाऊदबुवा आठ दिवस मुक्कामाला होते, तेव्हाची ही गोष्ट. कीर्तनात बुवा प्रभूचं क्रुसावरचं दुःखसहन सांगायचे आणि ख्रिस्ती देवळाच्या पायरीवर बसलेली ताराबाई ओक्साबोक्शी रडायची. पायरीवर का? तर मंडळीचे पंच शलमोन लोंढे यांचा तसा नियम होता. रडणं म्हणजे विश्वास कच्चा. ज्याला रडायचं त्यानं बाहेर बसावं!

"आली गळकी घागर!" पंच चारचौघांत म्हणायचे आणि लोक फिदीफिदी हसायचे. देऊळ झाडायला मात्र तीच ताराबाई लागायची.

पण पंचांच्या स्वतःच्या घरात काय चाललं होतं? दोन महिन्यांपूर्वी त्यांची सात वर्षांची शारोन तापानं गेली. पुरताना आई रूथबाईंनी मूठभर माती उचलली आणि त्यांना हुंदका फुटला. तोच पंच कानाशी पुटपुटले, "खबरदार! पंचाची बायको आहेस. लोक बघताहेत."

रूथबाईंनी हुंदका गिळला आणि मूठ मिटली ती मिटलीच. त्या रडल्या नाहीत, कुणाशी बोलल्या नाहीत, मूठही उघडेना. नखं तळव्यात रुतली, हात कोपरापर्यंत सुजला. शेवटी शहरातले डॉक्टर म्हणाले, "उद्या हात कापावा लागेल, नाहीतर जीव जाईल."

पंच धावत बुवांकडे आले. "बुवा, प्रार्थना करा हो!"

"एकट्या माझ्यानं नाही व्हायचं," बुवा म्हणाले. "ताराबाईला घेऊन या. निरोप नका धाडू, स्वतः जा."

"त्या गळक्या घागरीच्या दारात मी जाऊ?"

"बायकोचा हात प्यारा की स्वतःचा तोरा? अहो पंच, प्रभू स्वतः मित्राच्या कबरेपाशी रडले. त्यांनाही पायरीवर बसवणार का?"

पंच खाली मान घालून गेले. ताराबाई एका शब्दानंही टोमणा न मारता आली. तिनं ती सुजलेली मूठ मांडीवर घेतली. "लेकरू गेलं गं तुझं, माय," एवढंच म्हणाली आणि रडू लागली. टपटप आसवं मुठीवर पडली. बुवांनी हात जोडून प्रभूचं नाव घेतलं. आणि काय सांगावं! एक बोट उघडलं, मग दुसरं, आणि दोन महिन्यांची ती माती पदरात सांडली. रूथबाईंनी असा हंबरडा फोडला, की अख्खी वाडी गोळा झाली.

रडता रडता त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "पोरीला एक मूठ माती देऊ दिली नाहीत तुम्ही," त्या म्हणाल्या. दोन महिन्यांनी तोंडातून निघालेले हे पहिले शब्द.

संध्याकाळी त्यांनी ती माती शारोनच्या कबरेवर टाकली. हात वाचला. नवऱ्याशी मात्र त्या पुढे एक अक्षर बोलल्या नाहीत.

रविवारी भर उपासनेत पंच उठून बाहेर आले आणि त्यांनी पायरीवर बसलेल्या ताराबाईच्या पायांवर डोकं ठेवलं.

"बाई, माझी पोर गेली, अन् मला अजून रडू येत नाही गं. डोळे नुसते जळतात."

"येईल, पंच," ताराबाई म्हणाली. "तवर तुमच्या वाटचं मी रडते."

देवळातली प्रार्थना संपली, लोक घरी गेले. पायरीवर पंचांनी ताराबाईच्या पायांवरून कपाळ उचललं नव्हतं.