नारबाने जिंकलेला कुकर

एका गावात एक भोळा बॅडमिंटनवाला होता. नाव नारबा. खेळायचा बरा, पण पडलेलं शटल उचलायला दर वेळी कंबरेतून वाकायचा. एके दिवशी कंबर धरली ती धरलीच.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कंबरेत वाकू नका. पाठ ताठ ठेवा, गुडघ्यात वाका."

"बरं," नारबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या. नारबा पाया पडायला गेला आणि पाठ ताठ ठेवून त्यांच्यापुढे बेडकासारखा उकिडवा बसला.

सासूबाई दोन पावलं मागे सरल्या. "अगं कमळ, जावईबापूंचं पोट बिघडलंय का?"

कमळने कपाळावर हात मारला. "अहो, वडीलधारं माणूस समोर आलं की नीट कंबरेतून वाकावं!"

"बरं."

रविवारी गणपती मंडळाच्या बॅडमिंटन स्पर्धेची फायनल होती. बक्षीस पाच लिटरचा कुकर. कमळच्या कुकरने शिट्टी द्यायचं कधीच सोडलं होतं, डाळीपायी तिची अर्धी सकाळ जाई. ती पहिल्या रांगेत येऊन बसली.

भानुदासने नारबाला खेळ शिकवला होता. तो म्हणाला, "समोरून येईल ते जवळ ठेवायचं नाही. जाळीपलीकडे धाडायचं. तिकडे टेकलं की पॉइंट."

"बरं."

समोर उभे राहिले सातपुते गुरुजी. निम्म्या गावाला त्यांनी पाढे शिकवलेले. म्हणजे वडीलधारे. नारबा शटल मारी, की लगेच कंबरेतून वाकून नमस्कार करी. गुरुजींना चाळीस वर्षांची सवय. रॅकेटचा हात आपोआप वर जाई. "सुखी राहा!" तोवर शटल पायाशी.

असे आशीर्वाद घेत घेत नारबा जिंकला. कंबर मात्र पार कामातून गेली.

त्याला धड उभं राहवेना, म्हणून सरपंचबाईंनी कुकर समोर आणून त्याच्या पायाशी ठेवला. नारबा कंबरेतून वाकणार, तोच कमळ ओरडली, "अहो, डॉक्टरीणबाईंचं आठवा!"

नारबाला आठवलं. पाठ ताठ. गुडघे वाकले. कुकर अलगद वर आला. कमळचा जीव भांड्यात पडला. शहाणा झाला गं बाई माझा नवरा!

मग नारबाला भानुदासचंही आठवलं.

त्याने कुकर दोन्ही हातांनी उचलून जाळीपलीकडे भिरकावला. धाडकन! झाकण एकीकडे, दांडा दुसरीकडे. गुरुजी खुर्चीवर चढले.

नारबा कमळकडे बघून हसला.

"टेकला गं, पॉइंट! आणि बघ, कंबर जरासुद्धा वाकवली नाही."