पहिली रेघ

हत्यारं बोलत आणि सुतार ऐकून घेत, त्या काळची ही गोष्ट. मूर्ती कोरण्यात आयुष्य गेलेली एक पटाशी धोंडू सुताराच्या पेटीत आली. धोंडू बैलगाडीची चाकं करायचा. नजरेला पटेपर्यंत इकडून थोडं, तिकडून थोडं तासायचं, एवढंच पटाशीला ठाऊक. तिने पहिलं चाक तसंच केलं. ते इतकं देखणं झालं, की करवतही बघत राहिली.

पण गाडीवानाने चाकात घालायला बोटभर जास्त जाड आस आणला. पटाशीने मधल्या तुंब्याचं भोक वाढवलं, तर त्यात बसवलेले आरे ढिले झाले. आरे ठोकून बसवले, तर चाकाची गोलाई गेली. एक सांधावं तर तेरा तुटावे! शेवटी तुंबाच दुभंगला.

काटकोन बघणारा म्हातारा गुण्या म्हणाला, "पोरी, तू लाकडाला रूप दिलंस. पण कोण कोणाच्या आधारावर उभं आहे, हे ठरवलंच नाहीस. आधी फळीवर आसाची रेघ मार. तिच्यावरून तुंबा काढ, तुंब्यावरून आरे."

"आणि पहिली रेघच बदलावी लागली तर?"

"मग बाकीच्यांना तिच्यामागून यावंच लागेल."

तीन दिवस पटाशीने नुसत्या रेघा ओढल्या. देव घडवणारीला ते मरणाहून जड गेलं.

चौथ्या दिवशी ती लाकूड कापायला घेणार, तोच गाडीवान दारात उभा. "आस आणखी जाड हवा हो!"



पटाशी लाकडाला शिवलीही नाही. तिने फळीवरची पहिली रेघ तेवढी पुसून नवी ओढली.