आधी मधला

“पण बारीकच का?” निवृत्ती मिस्त्रींनी विचारलं.

वैजयंता दचकली. तिच्या हातात बारीक हेड गॅस्केट होतं.

समोर जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन उघडं होतं. ब्लॉकला फेस मारून, वरून तासून सपाट करून आणला होता. आता त्यावर हेडचं झाकण चढवायचं आणि मधली फट बुजवायला दोनपैकी एक गॅस्केट घालायचं. जाड, नाहीतर बारीक. मिस्त्रींचा हात हल्ली कापायचा. जो बरोबर निवडेल त्याच्या हाती ते आपला बोल्ट आवळायचा टॉर्क पाना देणार, असा समज होता. आणि पाना ज्याचा, गॅरेज त्याचं... हे कुणी बोललं नव्हतं.

“बारीक घातलं की कॉम्प्रेशन वाढतं, इंजिनाला जोर येतो, अण्णा.”

“पुस्तकात आहे?”

“आहे.”

बाजूला लतीफ काजळी खरवडत हसला. दहा वर्षं इथंच, सातवी नापास. “बाई, इंजिनाला वाचता आलं असतं तर आपलं कामच काय होतं?”

डिप्लोमावाल्या वैजयंताचे कान तापले.

मिस्त्रींनी पिस्टन वर आणला. ब्लॉकवर पोलादी पट्टी आडवी ठेवली. फेस मारून ब्लॉकची उंची उतरली होती, पिस्टन वर डोकावत होता. पट्टी त्यावर टेकली आणि टकटक डुलली.

“हे बघितलं नव्हतंस?”

“बघितलं होतं.”

“मोजलंस?”

“डायल गेज लावून. तीनदा.”

“मग माप काय म्हणालं?”

तिनं हातातलं गॅस्केट खाली ठेवलं.

“वैजू.”

“जाड घाला म्हणालं.”

“आणि बारीक घातलं तर?”

“पिस्टन हेडला धडकेल.”

लतीफचं खरवडणं थांबलं.

“माहीत असून?”

“लतीफभाईंनी जाड उचललं होतं!” तिचा आवाज चिरकला. “मी अर्धा तास मोजत बसले, अण्णा. त्यांनी पिस्टनच्या कडेवर नुसतं नख फिरवलं. नख! आणि तुम्ही त्यांच्याकडे बघून मान हलवलीत. मी पण जाडच उचललं असतं, तर सगळे म्हणाले असते, हिनं त्यांचं बघून...”

मिस्त्री उठले. कोपऱ्यातलं जुनं गॅस्केट आणून त्यांनी तिच्यासमोर धरलं.

“कुठं जळलंय?”

कडा धडधाकट होत्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधली चिंचोळी पट्टी तेवढी काळी पडून खाल्ली गेली होती.

“दोन शेजाऱ्यांच्या मधे,” ती हळूच म्हणाली.

मिस्त्रींनी जाड गॅस्केट ब्लॉकवर ठेवलं. मग हेडकडे बोट दाखवलं. ते एकट्याला उचलत नाही. लतीफनं एक बाजू धरली, तिनं दुसरी. वाकताना दोघांची डोकी एकमेकांवर आपटली.

“सॉरी,” ती म्हणाली.

“इंजिन सांभाळा, बाई.”

हेड बसलं. मिस्त्रींनी फडक्यातून पाना काढला. लतीफनं हात पुसून पुढं केला.

पाना वैजयंताच्या तळहातावर टेकला.

“अण्णा, बरोबर तर मी निवडलं!” लतीफ म्हणाला.

“मापही हिनं बरोबर घेतलं होतं. आता तुझं जळायला लागलं?”

लतीफनं मान खाली घातली, आणि गालातल्या गालात हसला.

बोल्ट आवळायचा क्रम वैजयंताला तोंडपाठ होता. तरी अण्णांचा विचार बदलायच्या आत म्हणून घाईघाईनं तिनं पाना जवळच्या, अगदी कडेच्या बोल्टवर चढवला.

कापत्या हातानं मिस्त्रींनी तिचं मनगट धरलं.

“कडेचं नंतर, पोरी. आधी मधला.”