रिकामी पाकिटं

“मग हा खोटं बोलतोय, हे तुम्हाला दिसत नाही का, भन्तेजी?”

डॉक्टर निहारिका दवाखान्याच्या दारातच उभी होती. गोळ्या न्यायला आलेला देवाजी निसटू नये म्हणून.

परदेशात शिकून ती विहाराच्या या दवाखान्यात आली, त्याला चार महिने झाले होते. भन्तेजी इथले जुने डॉक्टर. भिक्खूचं चीवर अंगावर आलं, तरी त्यांनी रोगी तपासणं सोडलं नव्हतं.

“रिकामी पाकिटं आणल्याशिवाय मॉर्फिनच्या नव्या गोळ्या द्यायच्या नाहीत, हा तुमचाच नियम. पंधरा दिवसांची पाकिटं यानं आठव्या दिवशी आणली. तीही दुसऱ्यांदा! एक तर दुप्पट गिळतो, नाहीतर विकतो.”

“विकत नाही जी, मॅडम,” देवाजी पुटपुटला. खाणीत छत कोसळून त्याचा कणा मोडला, त्याला सहा वर्षं झाली होती.

“मग गोळ्या गेल्या कुठं?”

देवाजीनं मान खाली घातली.

“बघा!”

भन्तेजी हसले. “अगं, फौजदार व्हायचं सोडून डॉक्टर कशाला झालीस?” मग वळून म्हणाले, “बस बाबा, देवाजी.”

देवाजी बाकाची कड धरून, दात आवळून, इंचाइंचानं खाली बसला.

“दुप्पट गोळ्या पोटात असलेला माणूस असा बसतो?” भन्तेजींनी तिला विचारलं.



भन्तेजी पुढं झुकले. “देवाजी, मरावंसं वाटतं का रे?”

“भन्तेजी! असं विचारून त्याच्या डोक्यात भलतंच...”

त्यांनी नुसता हात वर केला.

देवाजीनं कनवटीची गाठ सोडली. पुडी निघाली. आत गोळ्या होत्या. पुष्कळ.

“निम्म्याच घेत होतो जी. बाकीच्या... दिवाळीला लेक येऊन जाते. तेवढं पाहाचं होतं मले. मंग साऱ्या एकदम...”

“कोणाजवळ बोललास?”

“कोणी इचारलंच नाही जी.”

भन्तेजींनी पुडी निहारिकाच्या हातात दिली. कपाटातली एक गोळी आणि पाण्याचा पेला देवाजीसमोर धरला. “ही आत्ता घे. आज इथंच राहायचं, माझ्या खोलीत. लेकीला फोन लावू. दिवाळीची वाट कशाला?”

“पुन्हा तेच औषध?” निहारिकानं विचारलं.

“दुखणंही तेच आहे.”

तिनं पुडीतल्या गोळ्यांकडे पाहिलं. “चार महिने याच्यावर माझी बारीक नजर होती, भन्तेजी. मला कसं दिसलं नाही?”

“दारातून बाजूला हो,” भन्तेजी म्हणाले. “त्याच्यावर उजेड पडू दे.”