फेटाळलेले घोंगडे

एकदा एका डोंगरी राज्याने आपल्या गडांवरच्या पहारेकऱ्यांसाठी दोन हजार घोंगडी विकत घ्यायचे ठरवले. दवंडी पिटली गेली. ज्याला माल पुरवायचा असेल त्याने आपला भाव बंद लखोट्यात लिहून द्यावा आणि सोबत नमुन्याचे एक घोंगडे जोडावे. घोंगडे तीन शेरांपेक्षा हलके असता कामा नये, एवढीच अट. आज आपण याला निविदा म्हणतो आणि तिच्यासोबत चाळीस पाने अटी जोडतो. तेव्हाचे लोक सुखी म्हणायचे.

नदीकाठच्या पेठेत धुळाप्पा नावाचा वृद्ध विणकर राहत होता. त्याच्या आळीत बावीस माग होते, पण काम नसल्याने त्यांतले निम्मे दोन वर्षे बंद पडून होते. तरुण विणकर परमुलखात हमालीला जायच्या गोष्टी करू लागले होते. हे काम मिळाले तर आळी टिकणार, नाहीतर पांगणार, हे प्रत्येकाला ठाऊक होते. म्हणून उत्तमातली उत्तम लोकर निवडून नमुना खुद्द धुळाप्पाने विणला.

दोनच लखोटे आले, एक धुळाप्पाचा आणि दुसरा एका बड्या व्यापाऱ्याचा. धुळाप्पाचा भाव कमी निघाला. पण तराजूत त्याचे घोंगडे पावणेतीन शेर भरले आणि व्यापाऱ्याचे सव्वातीन. राज्याच्या कोठारप्रमुखाने धुळाप्पाच्या लखोट्यावर ‘वजन कमी, सबब नामंजूर’ असे लिहिले आणि तो बाजूला सारला.

कोठाराच्या निर्णयाविरुद्ध दहा दिवसांत दाद मागता येत असे. सुनावणी मात्र कोठारप्रमुखच घेई. म्हणजे ज्याने नाकारले, त्याच्याच दारात न्याय मागायला जायचे. हा प्रकार वाचकांना अगदीच अनोळखी वाटू नये.

धुळाप्पा टेकडीवरच्या आश्रमात एका वृद्ध आचार्यांकडे गेला. आचार्यांचा शिष्य बुद्धिमान होता, त्याचे अक्षर सुरेख होते आणि डोके तापट. हकीकत ऐकताच त्याचे पित्त खवळले. त्याने एका बैठकीत अकरा पानी अर्ज लिहून काढला. कोठारप्रमुख व्यापाऱ्याकडे जेवायला जातो, तराजूत खोट आहे, गरिबाला या राज्यात कोणी वाली नाही, असे बरेच काही त्यात होते.

आचार्यांनी अकराही पाने शांतपणे वाचली आणि धुळाप्पाला विचारले, “तराजू खोटा होता का रे?”

“देवाशप्पत सांगतो म्हाराज, तराजू खरा हुता,” धुळाप्पा म्हणाला. “मागावरनं उतरवलं तवा सव्वातीन शेर भरलं हुतं. मग धुतलं, खळ निघून गेली. पुन्यांदा वजन करायचं काय ध्यानात आलं न्हाई.”

सूत ताठ राहावे म्हणून विणकर त्याला चिंचोक्यांची खळ लावतात. ती धुतली की जाते आणि वजनही घटते.

“पण नमुना धुतलास कशाला?”

“न धुता कुनाच्या अंगावर घालायचं? आमच्यात तशी रीतच न्हाई, म्हाराज.”

आचार्य हसले. त्यांनी अकराही पानांवर आडवी रेघ मारली आणि कोऱ्या कागदावर एकच ओळ लिहिली: ‘आमचे घोंगडे पावणेतीन शेरच आहे, आपण केलेले वजन बरोबर आहे.’

शिष्य उसळून म्हणाला, “गुरुजी, ही दाद नव्हे, शरणागती झाली! बावीस घरांचा प्रश्न आहे.”

“म्हणूनच,” आचार्य म्हणाले, आणि त्यांनी धुळाप्पाच्या कानात दोन शब्द सांगितले.

सुनावणीच्या दिवशी कोठारप्रमुख पाच कारकून आणि दप्तरांचा ढीग घेऊन भांडायच्या तयारीनेच बसला होता. अर्ज वाचून तो गोंधळला.

“वजन मान्य आहे? मग आलास कशाला?”

“सरकार, येकच मागनं हाय,” धुळाप्पा हात जोडून म्हणाला. “दोनी घोंगडी तुमच्या देखत धुवा, वाळवा आनि मग तोला.”

यात नाही म्हणण्यासारखे काही नव्हते. नदीवर घोंगडी धुतली गेली. व्यापाऱ्याच्या घोंगड्यातून पेजेसारखे पाणी निघत राहिले. दोन दिवस उन्हात वाळवून दोन्ही पुन्हा तराजूत घातली. धुळाप्पाचे पावणेतीन शेर होते, तितकेच राहिले. व्यापाऱ्याचे जेमतेम दोन शेर भरले. कोठारप्रमुखाने ते उचलून उजेडात धरले, तर पलीकडचा गड आरपार दिसला. डोंगरावरचा पहारेकरी हे पांघरून रात्र काढणार होता.

कोठारप्रमुखाने घोंगडे खाली ठेवले. मग तो सर्वांदेखत म्हणाला, “चूक माझ्या अटीत आहे. मी लोकर मागायला निघालो होतो आणि खळ तोलत बसलो.”

त्याने दोन्ही लखोटे रद्द केले आणि घोंगडे धुऊन वाळवल्यावर अडीच शेर भरले पाहिजे, अशी नवी अट घालून पुन्हा भाव मागवले. पंधरवड्याने काम धुळाप्पाला मिळाले. त्या संध्याकाळी आळीत हलगी कडाडली, गुलाल उधळला गेला. बावीसही माग एकदम सुरू झाले, आणि तो खडखडाट आश्रमापर्यंत ऐकू आला. आनंदाने शिष्याचे डोळे भरून आले.

तरी तो म्हणाला, “गुरुजी, मी लिहिलेले सगळेच काही खोटे नव्हते.”

“नसेल,” आचार्य म्हणाले. “पण बाळ, त्याला तू चोर म्हटले असतेस, तर त्याने सारी शक्ती स्वतःला वाचवण्यात खर्च केली असती. घोंगड्याकडे त्याने पाहिलेच नसते. आपण खरे ते आधी कबूल केले, त्याला भांडायला काही उरले नाही, म्हणून त्याला पाहायला सवड मिळाली. ज्याने नाकारले त्याच्याशी झुंजू नये. त्याने दिलेले कारण हाती घ्यावे आणि ते पाण्यात घालून पाहावे.”

दुसऱ्या दिवशी तो बडा व्यापारी तणतणत आश्रमात आला. “माझ्यावर अन्याय झालाय! एक जळजळीत अर्ज लिहून द्या.”

आचार्य डोळे मिटून बसले होते. शिष्याने लेखणी उचलली आणि विचारले, “शेटजी, नाकारण्याचं कारण काय दिलंय?”

“धुतल्यावर वजन घटतं म्हणे.”

“घटतं का?”

व्यापाऱ्याने इकडेतिकडे पाहिले. “घटतं,” तो हळूच म्हणाला.

“मग अर्ज कशाला? चांगली लोकर आणा,” शिष्य म्हणाला. “पुढच्या साली लखोटा मी लिहून देतो.”

आचार्यांनी डोळे उघडले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलेले शिष्याने पाहिले.

आपला कागद जेव्हा परत येतो, तेव्हा त्यावर सही कोणाची आहे हे आपण आधी पाहतो. कारण काय लिहिले आहे, ते आधी वाचावे.