अक्काचा ठेचा, साळूचा भात

फार जुनी गोष्ट, मंडळी. राजे स्वतः बाजारात हिंडायचे, तेव्हाची. नदीकाठच्या एका गावात दोन म्हाताऱ्या बहिणी दाराला दार लावून राहायच्या. थोरली ठकू, धाकटी साळू.

ठकूला ज्वारीची भाकरी, झणझणीत ठेचा आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. साळूला मऊ भात, मुगाचं वरण, वर तुपाची धार. दोघीही ठणठणीत. ठकू भरली घागर घेऊन घाट चढायची, साळू मुसळानं भात कांडायची. भांडण काय ते एकाच गोष्टीवरून.

"साळे, हे आजाऱ्याचं जेवण किती दिवस खाशील गं?"

"आणि तू काय खातेस अक्का, चुलीतले निखारे?"

राजाचं पोट मात्र कायम बिघडलेलं. बाजारात या दोघींना पाहून त्यानं विचारलं, "आजी, खाता तरी काय?" दोघी एकदम सांगू लागल्या.

"थांबा!" राजा म्हणाला. "खरं अन्न एकच असणार. पुढच्या बाजारापर्यंत ताटं बदलून जेवा. जे दोघींना मानवेल, तेच राज्यातल्या प्रत्येक चुलीवर शिजेल. दुसरं काही शिजलं, तर ती चूल विझवीन."

गावात चुलीचुलीपाशी कुजबुज सुरू झाली. एकाच मापाचे जोडे भरून जत्रेला गेलेला एक व्यापारी मी पाहिलाय. निम्मे जोडे परत आले, वर शिव्या मिळाल्या त्या वेगळ्याच! पण राजाला कोण सांगणार?

ताटं बदलली. ठेच्यानं साळूच्या छातीत आग पेटली. तूपभातानं ठकूचं पोट जड झालं, बसल्या जागी डोळा लागू लागला.

"साळे, सोंग करतेस! माझा ठेचा आजवर कुणाला बाधला नाही."

"सोंग तुझंच! तुपानं कुणी आजारी पडतं होय?"

बाजाराच्या दिवशी सकाळी ठकूनं कान दिला. शेजारचं मुसळ गप्प. तिनं तडक मऊ भात चुलीवर चढवला. तिकडे साळूनं खिडकीतून पाहिलं, अक्काची घागर घाटाच्या पहिल्याच पायरीवर आडवी. तिनं तसंच पीठ मळायला घेतलं.

राजा निकाल ऐकायला आला, तेव्हा दोघी दारांच्या मधोमध उभ्या होत्या. ठकूच्या हातात मऊ भाताचं पातेलं. साळूच्या हातात भाकरी-ठेचा, आणि मिरची वाटून लाल झालेले डोळे.

"घे बाई, खा तुझा गिचका. पण मुसळ वाजव."

"आणि तू खा तुझे निखारे! घागर कोण उचलणार?"

दोघी तिथंच बसल्या, आपापलं जेवल्या आणि हसत सुटल्या.

"मग मी काय खाऊ?" राजानं काकुळतीनं विचारलं.

"जेवल्यावर काम सुचतं का झोप येते, तेवढं बघा महाराज," ठकू म्हणाली. "ज्यानं हात हलावेसे वाटतात, ते अन्न आपलं."

"पण मला कुठे काही काम असतं?"

"तिथंच तर दुखणं आहे!" साळू म्हणाली, आणि तिनं अक्काची घागर त्याच्या हाती दिली.

राजा घागर घेऊन घाट चढला. वर पोचेपर्यंत त्याला सडकून भूक लागली होती. हुकूम त्यानं तिथंच मागे घेतला. तेव्हापासून त्या गावच्या पंगतीत ठेचाही फिरतो, तूपही फिरतं, आणि नको म्हणणाऱ्याला कुणी आग्रह करत नाही.

पान शेजाऱ्याचं बघून वाढू नये, पोट आपलं ओळखून वाढावं.